मोबाईलमध्ये पिवळा रंग नसतोच? (पाण्याच्या एका थेंबावरून)

गंगावेस

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं डिझाईन-प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर, येईल ते काम. यंदा शिवजयंतीच्या आदल्या दिवशी एका मंडळाची पोरं बॅनर न्यायला आली आणि काउंटरवरच आवाज चढला. डिझाईन त्यांनी मोबाईलवर बघून पास केलं होतं. तिथं भगवा नुसता पेटलेला. फ्लेक्सवर तोच भगवा विटकरीकडं झुकलेला. "दादा, हा भगवा न्हवं, ही वीट हाय." मी ठरलेलं वाक्य टाकलं, स्क्रीनचा रंग वेगळा, छपाईचा वेगळा. त्यातलं एक चष्मेवालं पोरगं म्हणालं, "का वेगळा?" खरं सांगतो, मला उत्तर आलं नाही. बावीस वर्षं हेच वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकतोय, त्याच्या पुढं काय ते स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. शेवटी दोनशे रुपये कमी केले आणि बॅनर गेला.

हे डोक्यात असतानाच परवा घरी एक प्रकार झाला. आठवीतली लेक हात धुऊन आली आणि ओल्या हातानंच माझा मोबाईल घेतला. पट्टणकोडोलीच्या यात्रेचा फोटो उघडा होता, भंडाऱ्यानं माणसं पिवळीधमक झालेली. पडद्यावर पाण्याचा एक थेंब राहिला. ती म्हणाली, "बाबा, हळद तांबडी-हिरवी झाली बघा." मी आधी ओरडलो, मग बघितलं. थेंबाखाली पिवळा कुठंच नव्हता. बारीक तांबडे ठिपके, बारीक हिरवे ठिपके आणि मधे काळोख. थेंब फुंकरीनं आभाळावर सरकवला तर निळे ठिपके जागे झाले. एकाच्या पांढऱ्या पटक्यावर नेला तर तिन्ही पेटलेले. काळ्या घोंगड्यावर सगळे विझलेले.

मग नादच लागला. शेजारच्या घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि दुकानातला मॉनिटर, घरचा टीव्ही, बायकोचा फोन, सगळं तपासलं. मॉनिटरवर ठिपक्यांऐवजी उभ्या चिमुकल्या पट्ट्या आहेत: तांबडी, हिरवी, निळी, परत तांबडी. चौथा रंग शोधून सापडत नाही. कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी (तांबडा-हिरवा-निळा) पिवळ्याचे आकडे २५५, २५५, ० असे असतात हे मी रोज बघतो. तांबडा पूर्ण, हिरवा पूर्ण, निळा शून्य. बघतो, पण वाचत नव्हतो म्हणायचं.

तर जाणकारांनी सांगा. तांबडा आणि हिरवा मिसळून पिवळा कसा होतो? ब्रशनं मिसळले तर चिखल होतो. आणि पडद्यात पिवळा नाहीच, तर मला दिसतो तो येतो कुठून?

मिसळ_कट

ते सगळं ठीक आहे, पण थेंब आत गेला तर वॉरंटी जाईल. अनुभवी.

खडूफळा

छान धागा. पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. पिवळा तुमच्या डोळ्यात आणि मेंदूत तयार होतो. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, त्यांना शंकुपेशी म्हणतात. एक प्रकार लांब लहरींना जास्त दाद देतो, दुसरा मधल्या, तिसरा आखूड. यातल्या एकट्या पेशीला रंग कळत नाही. ती फक्त "मला एवढा उजेड लागला" असं सांगते. मेंदूकडे जाते ती तिघींची मार्कलिस्ट. पेपर कुणी पाठवत नाही.

बीएस्सीला न्यूटनच्या वलयांचा प्रयोग केलेल्यांना सोडियमचा दिवा आठवत असेल. त्याचा पिवळा उजेड जवळजवळ एकाच लांबीचा, ५८९ नॅनोमीटर. तो डोळ्यात गेला की पहिल्या दोघी भरपूर मार्क देतात, तिसरी जवळपास भोपळा. आता मोबाईलनं तांबडा आणि हिरवा उजेड योग्य प्रमाणात एकदम पाठवला. त्यानंही पहिल्या दोघींना तेवढेच मार्क मिळाले, तिसरीला भोपळा. दोन पेपर वेगळे, मार्कलिस्ट सारखी. मेंदू म्हणतो: पिवळा.

म्हणजे स्क्रीन रंगांची नक्कल करतच नाही, ती मार्कलिस्टची नक्कल करते. आणि मार्कलिस्टमध्ये विषय तीनच असल्यामुळे तीन दिव्यांवर भागतं.

ही कल्पना फार जुनी. डोळ्यात तीनच प्रकारचे ग्राहक असावेत असं थॉमस यंगनं १८०२ मध्ये मांडलं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते करून दाखवलं. चौकटीच्या रंगीत फितीचे तीन कृष्णधवल फोटो, एक तांबड्या गाळणीतून, एक हिरव्या, एक निळ्या. मग तीन प्रोजेक्टर, त्यांच्यापुढे त्याच गाळण्या, आणि तिन्ही चित्रं एकावर एक. पडद्यावर रंगीत फीत उमटली. गंमत अशी की त्या काळच्या फोटोच्या काचांवरच्या रसायनाला तांबडा उजेड कळतच नव्हता! फितीवरचा तांबडा भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता, आणि तेच त्या गाळणीतून आत शिरले. म्हणून प्रयोग जमला. हे उलगडायला १९६१ उजाडलं. थोर माणसांनाही कधी कधी ग्रेस मार्क मिळतात.

गंगावेस

मास्तर, मार्कलिस्ट एकदम डोक्यात बसली. मग यात्रेतल्या खऱ्या भंडाऱ्याचा पिवळा ५८९वाला आणि मोबाईलमधला नकली, असं का?

खडूफळा

नाही, इथं सगळेच घसरतात. हळद निळा उजेड गिळते आणि हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा बाकी सगळा परत पाठवते. म्हणजे भंडाऱ्याच्या पिवळ्यात हिरवा आहे, पिवळा आहे, नारिंगी आहे, तांबडाही आहे. सोडियमचा पिवळा एका लांबीचा, हळदीचा गर्दीचा, मोबाईलचा दोन टोळ्यांचा. तीन वेगळे पेपर, एकच निकाल.

घरी बघायचं असेल तर रात्री दिवे घालवा, मोबाईलवर पूर्ण पिवळा पडदा आणा, त्यावर काळा कागद टाकून बारीक चिरेएवढाच उजेड बाहेर येऊ द्या आणि तो जुन्या सीडीत तिरका बघा. सीडी उजेड फोडते. ओएलईडी फोन (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो) असेल तर तांबडा पट्टा आणि हिरवा पट्टा, मधे चांगलीच अंधारी फट दिसेल. साध्या एलसीडीवर ती फट तेवढी स्वच्छ दिसत नाही. तिथं मागं पांढरा दिवा असतो, पुढं रंगीत गाळण्या, आणि गाळण्यांतून थोडा खरा पिवळाही पाझरतो. तेव्हा "पिवळा नसतोच" हे तुमचं शीर्षक काही पडद्यांना अगदी लागू, काहींना जरा सैल.

कात्यायनी

मी शाळेत चित्रकला शिकवतो. गेली कित्येक वर्षं फळ्यावर लिहून देतोय: मूळ रंग तीन, लाल, पिवळा, निळा. आणि इथं तुम्ही सांगताय तांबडा, हिरवा, निळा. मुलं आता मोबाईल दाखवून वाद घालतात. बाबूराव पेंटरांच्या गावात चित्रकलेच्या मास्तरांची अशी शोभा बरी नव्हे.

माझ्या समजुतीनं हे असं आहे, चूक असेल तर सांगा. रंग मिसळताना आपण उजेड वाढवत नाही, कमी करतो. पिवळा रंग निळा उजेड खातो. निळा रंग तांबडा खातो. दोन्ही एकत्र कालवले की दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा, म्हणून पानं रंगवता येतात. सगळे रंग कालवले की सगळा उजेड खाल्ला जातो, मग चिखल. पडद्यावर उलटं, दिव्यात दिवा घालत जायचं, शेवटी पांढरा.

मिसळ_कट

कात्यायनीभाऊ, पटलं.

कात्यायनी

भाऊ नव्हे, ताई. कोल्हापुरात बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात, तुम्ही नवीन दिसताय.

मिसळ_कट

माफी ताई. सांगलीचा आहे.

खडूफळा

कात्यायनीताई, शंभरपैकी शंभर. फक्त एक भर. रंगांच्या दुनियेत खरं तिकूट म्हणजे छापखान्याचं: आकाशी (सायन), मॅजेंटा आणि पिवळा. ते का, हे बघा. आकाशी शाई तांबडा खाते, मॅजेंटा हिरवा खाते, पिवळी निळा खाते. म्हणजे छपाईचा प्रत्येक रंग पडद्याच्या एकेका दिव्याची वाट अडवतो. तुमचे लाल-पिवळा-निळा हे त्याचं जुनं, ढोबळ रूप. ते खोटं नाही, पण त्यातून झगझगीत जांभळा किंवा पोपटी काढून बघा, अडकाल.

आणि पिवळा अधिक निळा म्हणजे उजेडात काय होतं, याचा पुरावा प्रत्येकाच्या घरात आहे. बंद पडलेल्या एलईडी बल्बचं झाकण काढा (आधी होल्डरमधून काढा, नाहीतर माझं नाव घ्याल). आत पिवळ्या टिकल्या दिसतील. आतली चिप निळा उजेड देते, वरचा पिवळा लेप त्यातल्या काही निळ्याचं पिवळ्यात रूपांतर करतो, उरलेला निळा तसाच बाहेर येतो. निळा अधिक पिवळा, झाला पांढरा. ब्रशनं केला असता तर हिरवा.

पन्हाळ्याचं_वारं

म्हणजे धोतराला नीळ देतात तसंच की! पिवळं पडलेलं कापड, त्याला निळा, झालं पांढरं.

कात्यायनी

नाही हो, तिथं गडबड आहे. नीळ म्हणजे रंग, ती उजेड खाणार. पिवळट कापड निळा खात होतं, नीळ पिवळा-तांबडा खाते. सगळं सारखं खाल्लं गेलं की कापडाचा पिवळेपणा जातो, पण एकूण उजेड कमीच झाला. नीळ जास्त झाली की धोतर करडं-निळसर दिसतं ते त्यामुळंच. आमच्या आजीचा हात नेहमी सढळ असायचा.

उद्यमनगरी

लई भारी चर्चा चाललीय म्हणून लिवतो. माजं काम एलईडी वॉलचं. मिरवणूक, लग्न, कुस्तीचं मैदान, जिथं म्हणशील तिथं. तुमी थेंब टाकून बघताय, आमाला थेंब लागत न्हाई. पी-टेनचा पत्रा घ्या, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर, जवळ गेलं की तांबडा-हिरवा-निळा उघड्या डोळ्यानं दिसतोय. एका पत्र्यावर ३२ गुणिले १६ ठिपके. असले पत्रे जोडत जोडत भिंत उभी करायची.

आता मास्तर म्हणत्यात ते मी रस्त्यावर शिकलो. मागच्या गणपतीत वॉल लावली, पाहुण्यांचं भाषण चालू. एकदम खालच्या चार पत्र्यांवर पांढरा सदरा पिवळाधमक! लोक हसाय लागले. मंडळाचा अध्यक्ष मला शोधत आला. मागं जाऊन बघतो तर पत्र्याला जाणारी चपटी केबल अर्धी निसटलेली. त्या केबलीत तांबड्याची पिन वेगळी, हिरव्याची वेगळी, निळ्याची वेगळी. निळा तेवढा गेलता. पांढऱ्यातनं निळा काढला की पिवळा उरतोय, हे मला तवापास्नं पाठ हाय. तांबडा गेला तर सगळं आकाशी, हिरवा गेला तर गुलाबी. आता लांबनं रंग बघूनच पोराला सांगतो कुठली पिन बघायची.

आणखी एक. वॉलमधी एलईडी कमी-जास्त पेटवत न्हाईत. एकतर चालू न्हाईतर बंद. मंद दाखवायचा तर लई भराभर चालू-बंद करायचा, डोळ्याला सरासरी दिसते. म्हणून मोबाईलनं वॉलचा व्हिडिओ काढला की काळे पट्टे सरकतात. तवा गिऱ्हाईक म्हणतंय वॉल खराब. वॉल चांगली, कॅमेरा चोर.

सध्या_पुण्यात

उद्यमनगरी, पिनवाला किस्सा वाचून नेट कॅफे आठवला. राजारामपुरीतल्या एका कॅफेत कोपऱ्यातला मॉनिटर कायम पिवळा असायचा, मालक मागच्या जाड केबलला चापट मारायचा की पांढरा. तीच पिन असणार.

जुन्या डब्बा टीव्हीचा आमचा पराक्रम सांगतो. आमच्याकडं रंगीत टीव्ही आला तेव्हा गल्लीत दुसराच होता (देशात रंगीत प्रसारण १९८२ ला, आमच्याकडं पोचायला अजून काही वर्षं). मी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काचेला लावलं. चित्राचा तो भाग हिरवा-जांभळा झाला, आणि चुंबक काढलं तरी डाग तसाच! वडिलांनी मला आणि टीव्हीला एकाच दिवशी दुरुस्त केलं. त्यात इलेक्ट्रॉनचे तीन झोत असायचे, प्रत्येकानं आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडायचं. मधे भोकांची पत्र्याची जाळी. चुंबकानं झोत वाकले, तांबड्याचा झोत हिरव्यावर पडला. जाळीला चुंबकत्व चढलं म्हणून डाग राहिला. मेकॅनिकनं तारेचं कडं गोल गोल फिरवून तो घालवला, मला तो मांत्रिकच वाटला होता.

खडूफळा

उद्यमनगरी, तुमच्या भिंतीच्या अंतराचं गणित करतो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक फट वेगळी कळत नाही. त्या हिशेबानं १० मिलिमीटरवरचे ठिपके साधारण ३४ मीटरवरून एकजीव होतात. ३ मिलिमीटरचा पत्रा असेल तर दहा मीटर. मोबाईल आपण फूटभरावर धरतो, म्हणून तिथं इंचाला तीनशे ठिपके लागतात.

तुमच्या धंद्याचा एक उपकारकर्ताही सांगतो. जुन्या स्टँडवरच्या धावत्या पाट्या फक्त तांबड्या असायच्या, आठवतंय? तांबडा एलईडी १९६२ पासून होता, पण झगझगीत निळा काही केल्या बनत नव्हता. तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये जमला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. निळा नाही तर पांढरा नाही, आणि पांढरा नाही तर तुमची भिंत नाही.

उद्यमनगरी

तिघांचा फोटो वॉलवर लावतो आता दसऱ्याला.

कात्यायनी

पिवळ्यावर एवढं झालं, पण जोतिबाच्या गुलालाचं काय? इंद्रधनुष्यात गुलाबी कुठंच नाही. चैत्र यात्रेत डोंगर गुलाबी होतो तो रंग कुठल्या लांबीचा?

खडूफळा

कुठल्याच नाही! ताई, हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता. पिवळ्याला निदान स्वतःची लहर आहे, गडद गुलाबीला तीही नाही. लांब लहरीची पेशी आणि आखूड लहरीची पेशी, दोघींना भरपूर मार्क आणि मधलीला कमी, अशी मार्कलिस्ट कुठलीही एकटी लहर देऊ शकत नाही. मेंदू तिला गुलाबी म्हणतो. गुलाल मधला हिरवा खातो, दोन टोकं परत पाठवतो. पडदा तांबडा आणि निळा पेटवतो, हिरवा झाकतो.

गंगावेस

आता माझ्या भगव्यावर या. चष्मेवालं पोरगं गणपतीला परत येणार आहे.

पन्हाळ्याचं_वारं

नीळ चुकली, पण हे माझं क्षेत्र, ऑफसेटवर आयुष्य गेलं. भगवा म्हणजे तांबडा पूर्ण, हिरवा थोडा, निळा शून्य. पडदा हा उजेड थेट डोळ्यात सोडतो. फ्लेक्सकडं स्वतःचा उजेड नाही, तुमच्या ट्यूबलाईटचा जो पडेल त्यातला थोडा खाऊन उरलेला देणार. आणि छपाईच्या चार शायांमध्ये (आकाशी, मॅजेंटा, पिवळी, काळी) नारिंगी शाई नाही. पिवळ्यावर मॅजेंटाचे ठिपके टाकून तो काढायचा. मॅजेंटानं फक्त हिरवा खावा ही अपेक्षा, पण खरी शाई थोडा निळा आणि तांबडाही खाते. तिथं भगव्याचा जीव जातो. ऑफसेटला पैसे असतील तर नारिंगीची वेगळी पाचवी शाई घालतात. फ्लेक्सला ते परवडायचं नाही. गडद निळ्याचं पण असंच, ०, ०, २५५ चा निळा पाठवा, छापून जांभळट येतो. माझ्याकडं एकदा एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या अडीच हजार पत्रिका तशा जांभळ्या निघाल्या. पैसे बुडाले ते बुडाले, वर मुख्याध्यापिका म्हणाल्या, हाच छान दिसतोय.

फाईल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या हिशेबात करा आणि काळी शाई भगव्यात एक टक्कासुद्धा जाऊ देऊ नका. बऱ्याचदा आरजीबी फाईल आपोआप बदलते तेव्हा ती घुसते. वीट तिथं तयार होते.

गंगावेस

उघडून बघितली जुनी फाईल. काळा ९ टक्के! बावीस वर्षं, मंडळी.

शेवटचा अपडेट. फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यावर सहा भगवे छापले, खाली आकडे लिहिले आणि काउंटरमागं टांगले. काल मंडळाची पोरं आली. मोबाईल बाहेर काढायच्या आधीच सांगितलं, यातला निवडा, हाच मिळेल. चार नंबर ठरला. चष्मेवाल्याला भिंग दिलं. त्यानं आधी फ्लेक्स बघितला, पिवळ्यावर गुलाबी ठिपके. मग स्वतःचा मोबाईल. मग मला विचारलं, "दादा, यात हिरवे ठिपके जास्त का?" मी परत गप्प. मोजले तर खरंच, त्याच्या फोनवर तांबडे आणि निळे मिळून जेवढे, तेवढे एकटे हिरवे. आणि निळे ठिपके आकारानं मोठे. माझ्या मॉनिटरवर तर तिन्ही सारखे.

खडूफळा

त्याचा फोन ओएलईडी असणार. अशा बऱ्याच फोनमध्ये प्रत्येक चौकटीत (पिक्सेलमध्ये) हिरवा असतोच, तांबडा आणि निळा आळीपाळीनं. कारण पडद्याच्या पांढऱ्या उजेडात डोळ्याला जाणवणाऱ्या तेजापैकी सुमारे ७२ टक्के हिरव्याचं, २१ टक्के तांबड्याचं, निळ्याचं जेमतेम ७. बारकावे आपण मुख्यतः हिरव्यावरून वाचतो, तेव्हा इतर दोघांत काटकसर केली तरी सहसा कळत नाही. आणि निळा ठिपका मोठा, कारण ओएलईडीतला निळा पदार्थ सगळ्यांत लवकर थकतो. जागा जास्त दिली की त्याला कमी जोरात पेटावं लागतं.

त्या पोराला माझ्याकडं पाठवा. सीडी आहे माझ्याकडं.

मिसळ_कट

आणि थेंब टाकू नको म्हणावं. भिंग आहे ना.